बाहेरच्या चुलीवरचा भात

माझा नातू परदेशात असतो. रविवारी फोनवर त्याचा चेहरा दिसतो आणि तोंडात नेहमी काहीतरी घास असतो. थंड दुधात मक्याचे पापुद्रे भिजवून खाता खाता तो विचारतो, "आजी, सकाळी काय खाल्लंस?" मी म्हणते, ओट्स. साखर वाढली म्हणून सूनबाई वाटीभर देते. ना मीठ, ना मिरची. ते संपवेपर्यंत मी दमून जाते. तो हसतो आणि पुन्हा विचारतो, "आणि लहानपणी काय खायचीस?" तिथे मी विषय बदलते. हे प्रकरण मी तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा वही बाजूला ठेवली. आता बोटं आखडतात, डोळ्यांना ओळ नीट दिसत नाही, आणि पुढे ढकलावं म्हटलं तर पुढे फारसं काही उरलेलं नाही. म्हणून लिहून टाकते आणि मोकळी होते.

आमचं घर गोंदियाच्या पुढे, सालेकशाकडे, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. समोर धानाच्या बांध्या, मागे डोंगराचं जंगल. घरात बाबा, माय, माझी मोठी बहीण सरूताई आणि मी. सकाळी पॅसेंजरची शिट्टी झाली की माय मडक्यावरचं झाकण काढायची. रात्रीच्या उरलेल्या भातात पाणी घालून ठेवायचं, ती बासी. सकाळी त्यात मीठ घालायचं, सोबत कांदा, हिरवी मिरची, कधी जवसाची चटणी. पाणी आंबूस झालेलं असायचं आणि आधी तेच प्यायचं, भात मागून. उन्हाळा असो की हिवाळा, सुतक असो की सण, आमच्याकडे सकाळ उजाडायची ती बासीनं. बाबा ओसरीवर खायचे, आम्ही तिघी त्यांच्यानंतर आत चुलीपाशी. बाबा आणि माय एकमेकांशी सरळ बोललेले मी ऐकले नाहीत. बाबा ओसरीच्या खांबाकडे पाहून म्हणायचे, "आज नांगराले दोन मानसं येतीन," आणि माय आतून जादा तांदूळ काढायची. सगळी घरं अशीच असतात, असं मला वाटायचं.

बाबांचा धाकटा भाऊ, आमचा काका, गोंदियाच्या राईस मिलमध्ये मिस्त्रीचं काम शिकला आणि कुणाच्या तरी ओळखीनं रंगूनला तिथल्या मिलमध्ये गेला. वर्षाकाठी एखादं पत्र यायचं. मग जपान्यांनी रंगूनवर बॉम्ब टाकले आणि पत्रं थांबली. माय म्हणायची, "गेला तं गेला, देवानं सुखात नेलं असावं." एका उन्हाळ्यात भर दुपारी स्टेशनाच्या वाटेनं एक माणूस येताना दिसला. हाडं आणि कातडं, पायाला चिंध्या गुंडाळलेल्या. त्याच्यामागे दहा पावलांवर एक बाई. बुटकी, गोरीपान, रुंद गालांची, लुगड्याऐवजी लुंगी नेसलेली. काकानं तिच्याशी तिकडे लग्न केलं होतं, हे आम्हाला त्याच दिवशी कळलं. दोघं आसामच्या जंगलातून चालत आले होते. निघताना तिघं होते. माझ्यापेक्षा वर्षभरानं लहान त्यांची मुलगी वाटेत तापानं गेली, आणि तिला मातीत ठेवून यांना पुढे चालावं लागलं. काकानं हे एकदाच सांगितलं. त्या बाईनं कधीच नाही.

बाबांनी भावाला दारातून परत पाठवलं नाही, हे आधी लिहायला हवं. पण बायको जातीबाहेरची, तीही परमुलखातली. खांबाकडे पाहून बाबा म्हणाले, "गोठ्याच्या बाजूनं पडवी हाय. तठीच चूल मांडा म्हना. पंचाईत बसंल तवा बसंल." तेव्हापासून काका आणि ती पडवीत राहू लागले. गावात तिला सगळे बरमावाली म्हणत. काका तिला मा खिन म्हणायचा. मी काकी म्हणायची, पण कुणी ऐकत नाही असं पाहून. माय तिला रोज तांदूळ, मीठ, सरपण मोजूनमापून द्यायची आणि ते नेऊन देण्याचं काम माझ्याकडे होतं. पडवीच्या उंबऱ्याशी टोपलं ठेवायचं आणि परत फिरायचं. शिवायचं नाही, बसायचं नाही, आणि खायचं तर मुळीच नाही.

काकी बासी खायची नाही. पहिल्याच आठवड्यात मायनं दया येऊन आमच्यातली वाटीभर पाठवली तर तिनं वास घेतला, घाबरून काकाकडे पाहिलं आणि वाटी गायीपुढे ठेवली. भात खराब झालाय, असं तिला वाटलं. मायला हे झोंबलं. "आमचं खाणं गुरांले घालते! महारानीच हाय जनू," असं ती चार दिवस भांडी घासता घासता म्हणत राहिली. काकीलाही उरलेला भातच लागायचा, पण पाण्यातला नव्हे. रात्री ती तो सुपावर मोकळा करून फडक्याखाली ठेवायची. लाखोळीचे दाणे भिजवून, ओल्या कापडात बांधून त्यांना मोड आणायची आणि मऊ शिजवायची. सकाळी जवसाच्या तेलात कांदा लाल करायचा, हळद टाकायची, भात आणि दाणे परतायचे. आता हे वाचून कोणी म्हणेल, त्यात काय, हा तर फोडणीचा भात. आज घरोघरी करतात, मीही केला. पण तेव्हा आमच्याकडे सकाळच्या प्रहरी भातावर तेल घालणं म्हणजे उधळपट्टी होती, आणि सकाळी गरम खायचं ते फक्त आजाऱ्यानं.

काका पडवीत पाय शेकत बसायचा. त्याच्या तळपायांच्या जखमा पावसाळ्यापर्यंत भरल्या नाहीत. त्याला बोलायला आवडायचं आणि ऐकायला मी एकटीच. रंगूनच्या मिलमध्ये सकाळचा भोंगा व्हायच्या आधी किती मुलखांची माणसं किती तऱ्हेचं खात, ते तो सांगायचा. "तठी चिनी सुतार होता ना वो, तो आपल्यासारकी पेज खाये. तांदराचीच. पन वरतून खारवलेलं बदकाचं अंडं. तेलंगी हमाल आपल्यासारकीच बासी खायेत, ताक टाकून. आन साहेब? साहेब पाव जारून खाये. चांगला पाव विस्तवावर जारायचा, मंग चाकूनं त्याचं कारं खरवडायचं!" असं सांगून तो हसायचा आणि हसता हसता खोकायचा. जगात लोक सकाळी बासी सोडून दुसरंही काही खातात, हे मला तिथे कळलं. मला ते खोटंच वाटायचं, पण गोष्ट ऐकायला खोटं असलं म्हणून काय बिघडतं.

एकदा काकीनं तिच्या देशातलं खास खाणं करायचं ठरवलं. तांदूळ आंबवून वाटले, काकानं एका डब्याला खिळ्यानं भोकं पाडून दिली आणि त्यातून तिनं उकळत्या पाण्यात लांब शेवया पाडल्या. बोडीतला, म्हणजे शेततळ्यातला मासा, केळीच्या खोडाचा गाभा, लसूण, आलं असं घालून घट्ट रस्सा केला. तिथे म्हणे बाया सकाळी खांद्यावर कावड घेऊन रस्त्यानं हेच विकत फिरतात. एक वाडगं भरून तिनं पदराखाली धरलं (तेव्हा ती लुगडं नेसायला शिकली होती, पण ते सारखं सुटायचं) आणि आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. माय बाहेर आली, वाकून वाडग्यात पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "शेवयाईले मासोरी? अवो बाई, शेवया गुळासंगं खातेत, लगनात खातेत. मासोरी काऊन टाकली वो त्यात?" काकीला शब्द कळले नाहीत, पण चेहरा कळला. तिनं वाडगं तसंच परत नेलं. सरूताई तोंडाला पदर लावून हसत होती. मीही हसले. वाडग्यातल्या मासळीच्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, तरी हसले.

दुसऱ्या दिवशी मी टोपलं ठेवायला गेले तेव्हा तिनं पळसाच्या पानाचा एक दोना भरून उंबऱ्यावर ठेवला होता. तेलात परतलेला भात, वर मोड आलेले दाणे. ती पाठ करून चुलीत फुंकत राहिली. मी उभी राहिले, इकडे तिकडे पाहिलं आणि खाल्लं. गरम होता. सकाळी गरम भात पोटात गेल्यावर कसं वाटतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. त्यानंतर रोज तो दोना असायचा आणि रोज मी तो खायची. घरी येऊन बासीही खायची, नाहीतर मायनं ओळखलं असतं. "काऊन वो, इतका वेळ कायले लागला?" असं मायनं विचारलं की मी गायीचं नाव सांगायची. हळूहळू काकी आमचं बोलणं शिकली, वेडंवाकडं. मला "बस" म्हणायची. मी खात असताना केसांतल्या जटा बोटांनी सोडवायची. ती त्या वेळी कुणाचे केस सोडवत होती, हे मला फार उशिरा समजलं.

त्या वर्षीची रोवणी, धानाची लावणी, आठवली की अजून कंबर दुखते. बाहेरून येणारा तांदूळ बंद झाला होता, मजूर मिळत नव्हते, म्हणून घरच्या बायाही चिखलात उतरल्या. काकीही उतरली, पण वेगळ्या बांधीत. तिचा हात इतका झपझप चालायचा की सरूताईनं दोनदा लावणी थांबवून पाहिलं. धान तर धानच. ते लावायची रीत सगळीकडे सारखी असावी. रोवणी संपली आणि जातपंचायतीचा निरोप आला. घरात कुणाच्या तोंडाला चव राहिली नाही. सरूताईचं लग्न चिचगडकडच्या एका घरात ठरलं होतं, माघात व्हायचं होतं. आमचं घर जातीबाहेर पडलं तर ते मोडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आणि काकीला जातीत घेतलं नाही, तर तिला आणि काकाला आवार सोडावं लागणार. जायचं कुठे? मागे लढाई, पुढे कुणी ओळखीचं नाही. काकाला अजून धड चालता येत नव्हतं.

पंचायतीच्या आदल्या दिवशी मायनं मला माजघरात ओढलं. ती रागावली नव्हती. नुसती दमलेली होती. "तू खातेस ना वो तिच्या हातचं? मले सांगू नोको. मले मालूम हाय, तुह्या तोंडाले तेलाचा वास येते." मी रडायला लागले. तिनं माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "उद्या पंच विचारतीन. नाई म्हनायचं. कितीकडाव विचारलं तरी नाई. सरूचं लगन हाय, पोरी. एक तू हो म्हनली का सारं घर बुडलं." मी मान हलवली. माझी माय खोटं बोलायला शिकवणारी बाई नव्हती, म्हणून मला ते खोटं वाटलंच नाही. ते काम होतं, टोपलं पोचवण्यासारखं.

पंचायतीच्या दिवशी अंगणातल्या आंब्याखाली सतरंजी अंथरली होती. पाच पंच, मधे म्हातारे मुखिया. त्यांना एका डोळ्यानं दिसत नव्हतं. काका खाली मान घालून बसला होता. काकी अंगणाच्या बाहेर, कुंपणाशी डोक्यावर पदर घेऊन उभी. बायका दाराआड. बराच वेळ कुळाची, मुलखाची, कुणाच्या आजानं काय केलं होतं त्याची बोलणी झाली. मग मुखियांनी मला बोलावलं. "ये पोरी. भेऊ नोको. हे बाई तुह्या घरी चार महिने हाय. तू रोज जातेस तठी. तिच्या हातचं खाल्लंस का?"

"नाई जी," मी म्हणाले.

मुखिया थोडे पुढे वाकले. त्यांचा आवाज मऊ होता, हे मला आजही ऐकू येतं. "लहान लेकराले भूक लागते. त्यात पाप नाई. एकडाव तरी खाल्लं असंल?"

"नाई जी. एकडाव बी नाई."

मुखियांनी बाबांकडे पाहिलं. बाबा जमिनीवर काडीनं रेघा ओढत होते, ती काडी थांबली. मग मुखिया कुंपणाकडे वळले. "बाई, तू सांग. या पोरीले तू खाऊ घातलीस का?" मी दाराआडच्या मायकडे पाहिलं, आणि ते तिला तिथून दिसलं असणार. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिच्या त्या मोडक्या बोलीत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नाई जी. ते माहा भात नाई खात. तिले आवडत नाई."

निकाल लागायला वेळ लागला नाही. थोरल्याचं घर चोख आहे, पोरीचं लग्न खुशाल होऊ द्या. धाकटा आणि त्याची बाई जातीबाहेर, एका आवारात राहता येणार नाही. मुखिया उठले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, एरवी ते ठेवायचे. माय दाराआडून बाहेर आली आणि मला पोटाशी धरलं. तिला हायसं वाटलं होतं. मलाही वाटलं, हे कबूल करते. आज ऐंशी ओलांडल्यावर कसली लाज, पण ही वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं काका आणि काकी गेले. खरगपूरला रेल्वेच्या कारखान्यात मिस्त्री लागतात, असं काका म्हणत होता. मला निरोपाला जाऊ दिलं नाही. बाबा स्टेशनापर्यंत गेले. परत आले तेव्हा मायनं पाण्याचा तांब्या पुढे केला. बाबांनी तो घेतला नाही. खांबाकडेही पाहिलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांनी सरळ मायच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "पोरीले नाई म्हनायले कोनं शिकवलं?"

माय म्हणाली, "मी. दुसरं कोन?"

"मुखिया मले आठ दिवस आधी सांगून गेले होते. घरचं लेकरू तिच्या हातचं जेवलं तं घर एकच झालं. मंग एकटीले बाहेर काढता येत नाई. साऱ्या घराले एकच दंड, एकच जातजेवन, आन बाई आत. लगनाच्या आधी सारं निपटलं असतं. पोरगी रोज खाते, हे मले गोठ्यातून दिसत नोयतं का? तिनं हो म्हनावं एवढंच पाह्यजे होतं."

"मंग मले सांगतलं काऊन नाई जी?"

"पंचाईतीची गोष्ट बाईमानसाले सांगत नाईत," असं बाबा म्हणाले खरे, पण ते शब्द त्यांनाच जड झालेले दिसत होते. मग ते ओसरीच्या कडेला बसले.

माय पडवीकडे गेली. मी मागे गेले. चूल अजून कोमट होती. सुपावरचं फडकं घडी करून ठेवलं होतं, जमीन सारवलेली होती. आणि उंबऱ्यावर, रोजच्या जागी, दोना होता. जायच्या दिवशीही तिनं पहाटे उठून माझा भात परतला होता आणि वर दुसरं पान झाकून ठेवलं होतं. मायनं पान उचललं. खाली बसली. एक घास घेतला, चावला, गिळला. मग दुसरा. ती घाईनं खात नव्हती, आणि रडतही नव्हती. दिवसभर राबून आलेलं माणूस जेवतं तशी जेवत होती. मी हात पुढे केला.

"तुले नाई," माय म्हणाली. "तू पंचाईतीपुढं सांगतलंस, खाल्लं नाई म्हून. तिनं बी तुह्यासाठी तेच सांगतलं. आता तुले ते खरं करा लागते."

तिनं शेवटचा दाणाही ठेवला नाही. दोना चुलीच्या राखेत टाकला, कुदळ घेतली आणि चूल फोडली. मग अंघोळ न करता, हातही न धुता, ती सरळ आमच्या घरात गेली आणि दुपारचा भात रांधायला बसली. ओसरीवरून बाबांनी ते सगळं पाहिलं होतं. जेवणवेळ झाली तेव्हा ते पाटावर बसले, ताट ओढलं आणि मायनं वाढलेलं सगळं संपवलं, आणि त्यांच्यानंतर आम्ही तिघीही तेच जेवलो.